एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

सी ड्राइव्ह भरला म्हणून आणलेला लॅपटॉप आम्ही रात्रभर ठेवून घेतला आणि वर बॅकअपचे वेगळे पैसे लावले, अशी तुमची तक्रार आहे. तुमच्या मित्राच्या मते आउटलुकची (मेलच्या प्रोग्रामची) मोठी फाइल उडवली की पाच मिनिटांत काम होतं, ती परत आपोआप तयार होते.

ओएसटी फाइल असती तर त्यांचं बरोबर होतं. ती सर्व्हरवरच्या मेलची नुसती प्रत असते, उडवली तरी आउटलुक सगळं पुन्हा उतरवून घेतं. तुमची फाइल पीएसटी आहे, म्हणजे मेल लॅपटॉपवरच साठवून ठेवणारी. तुमचं अकाउंट पॉप पद्धतीचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून लॅपटॉपवर उतरवून घेणारं, आणि 14 दिवसांनी सर्व्हरवरून मेल काढून टाकायची टिक त्यात चालू आहे. (आउटलुकमध्ये पॉप अकाउंट जोडताना ही टिक आधीपासूनच असते, बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही.) त्यामुळे जुना सगळा पत्रव्यवहार, बिलं, ऑर्डरी, कोटेशनं, फक्त त्या एका फाइलमध्ये आहे. ती उडवली असती तर वेबमेल (ब्राउझरमधून उघडायचा मेल) उघडूनही 14 दिवसांपेक्षा जुनं काही हाती लागलं नसतं.

आता वेळेबद्दल. आउटलुक 2010 पासून पीएसटीची ठरलेली मर्यादा 50 जीबी आहे आणि तुमची फाइल तिथवर पोचत आली होती. मेल डिलीट केले, डिलीटेड आयटम्स रिकामं केलं, तरी फाइल लगेच लहान होत नाही. आतली जागा मोकळी पडून राहते. लॅपटॉप रिकामा असताना आउटलुक ती मागच्या मागे हळूहळू कमी करतं, पण लगेच ड्राइव्हला परत हवी तर डेटा फाइलच्या सेटिंग्जमधलं 'कॉम्पॅक्ट नाऊ' (फाइल आवळून लहान करणं) चालवावं लागतं, आणि एवढ्या फाइलला त्यात तासन्‌तास जाऊ शकतात. हे चालू असताना लॅपटॉप बंद पडला तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, ती उघडून पाहिली, मगच मूळ फाइलला हात लावला. शेवटी ती डी ड्राइव्हवर हलवून आउटलुकला नवी जागा दाखवली.

बिलात लावलेली रक्कम त्या डिस्कची आहे. डिस्क लॅपटॉपसोबत तुम्हाला दिली आहे आणि खर्च फोनवर विचारूनच केला होता. बॅकअपशिवाय मेलच्या फाइलचं काम मी कुणाचंही घेत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

14 दिवसांची टिक आम्ही तशीच ठेवली आहे, कारण ती काढली तर तुमचा सर्व्हरवरचा कोटा भरू शकतो. तुमची मेल कंपनी आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवायची पद्धत) देत असेल आणि जागा पुरेशी असेल तर अकाउंट तिकडे वळवून देऊ. तोवर ती डिस्क कृपया फॉरमॅट करू नका.