नाक जड, शेपूट हलकी

रिमोटचं विमान उडवायला सात मिनिटं लागतात, कारण बॅटरी साधारण तेवढीच पुरते. त्या सात मिनिटांसाठी जेवणाचं टेबल तीन आठवडे अडवावं लागतं. हा हिशेब घरच्यांना पटवून दाखवणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

मनात असतं लढाऊ विमान. घ्यायचं असतं ते हाय-विंग ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं विमान: पंख धडाच्या वर, टोकं किंचित उचललेली, पंखाची लांबी सव्वा मीटरच्या आसपास. दिसायला अगदी गरीब गाय. पण रिमोटची काठी सोडली की आपलं आपण सरळ व्हायला बघतं. लढाऊ विमानाला एवढी माणुसकी नसते.

पहिली परीक्षा गोंदाची. पांढऱ्या थर्माकोलवर साधा सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, सोडला की तो सांधा जोडत नाही, सांधाच खाऊन टाकतो. पंखात बोट जाईल एवढा खड्डा पडतो आणि गोंद पुढे चालूच. म्हणून फोमसाठीचा वेगळा सायनो घ्यावा, नाहीतर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणारा गोंद. पाच मिनिटांचा इपॉक्सी पाच मिनिटं थांबतो यावर मात्र विश्वास ठेवू नये. वाटीत भरपूर कालवला की तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि आपण योग्य जागा शोधत असतानाच दगड होतो, मधोमध काडी उभी ठेवून. थोडा थोडा कालवावा, पसरट कालवावा.

मग सर्वो, म्हणजे विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी. नऊ ग्रॅमचे चार, प्रत्येकाला तीन वायरी, आणि त्या नेहमी दोन बोटं आखूड. इथे घाई करणारा हमखास आधी सर्वोची दांडी बसवतो आणि मग रेडिओ, म्हणजे रिमोट आणि विमानातला त्याचा रिसीव्हर, चालू करतो. सर्वो चालू होताच मध्यावर जातो, दांडी तिरकी होते आणि एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची वर-खाली हलणारी पट्टी, कायमचा नमस्कार घालून बसतो. क्रम उलटा हवा: रेडिओ चालू, ट्रिम (काठीच्या मध्याची बारीक जुळवणी) शून्यावर, सर्वो मध्यावर, मग दांडी काटकोनात. सर्वोला पट्टीशी जोडणारी तार सर्वोच्या दांडीच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या, म्हणजे पट्टीवरच्या कानाच्या, बाहेरच्या भोकात घातली की पट्टीची हालचाल कमी होते. त्यावर रिमोटमध्ये तीस टक्के एक्स्पो टाकावा, म्हणजे काठी मध्याजवळ मऊ होते. नवशिक्याच्या हाताला थरथर असते, ती विमानापर्यंत पोचता कामा नये.

हे सगळं चालू असताना प्रॉपेलर काढून ठेवायचा. टेबलावरच्या मोटरला बोट आणि हवा यांतला फरक कळत नाही. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, बस. प्रॉपेलर बसवताना आकडे छापलेली बाजू पुढे. उलटा बसला तर आवाज जोरदार येतो, वाराही येतो, फक्त विमान उचलत नाही.

पण टेबलावरचं खरं प्रकरण म्हणजे तोल. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटिमीटरवर, पंखाखाली दोन्हीकडे एकेक बोट टेकवून विमान उचलायचं, आणि तेही बॅटरी आत ठेवून. नाक जरासं खाली झुकलं तर उत्तम. नाक जड असलेलं विमान कुरकुरत उडतं. शेपूट जड असलेलं आधी आकाशाकडे तोंड करतं, तिथे विचार करतं आणि पंखावर कोसळतं. शिशाचे तुकडे चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघावी. नाकात शिसं आणि शेपटीत गोंदाचे गोळे, असं दोन्हीकडून पोसलेलं विमान वजनानेच हरतं.

बॅटरी तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), क्षमता २२०० एमएएच. चार्जिंग २.२ अँपिअरवर, आणि तेवढा वेळ समोर बसून. पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी रुसते, फुगली की तिचा नाद सोडावा.

मैदानावर आधी रिमोट चालू, मग विमान. बंद करताना उलट. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी काठी, तळाशी. रेंज, म्हणजे रिमोटचा पल्ला, तपासायची. मग विमानामागे उभं राहून काठी उजवीकडे: उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेलं पाहिजे. हे शंभरदा सांगितलं जातं आणि शंभरदा विसरलं जातं, कारण 'हललं ना, झालं!' हललं, पण कुठे?

फेकणाऱ्याने वाऱ्याच्या तोंडावर, क्षितिजाला समांतर सोडायचं. भालाफेक करायची नाही. वर गेल्यावर उंची राखायची. चूक सुधारायला लागतात ते मीटर तिथेच मिळतात. आणि मग ते वळून आपल्याकडे यायला लागतं. त्या क्षणी त्याचा उजवा पंख आपल्या डावीकडे असतो आणि मेंदू सरळ राजीनामा देतो. त्यावर एकच उतारा: जो पंख खाली गेलेला दिसेल, काठी त्याच बाजूला ढकलायची, त्याला टेकू दिल्यासारखी.

उतारा वेळेवर आठवला नाही, तर आधी थ्रॉटल शून्य करायचं. विमान पडताना दूरचं एखादं झाड नजरेत धरून त्याच रेषेत चालत जायचं. आणि रिमोट हातातच ठेवायचा. गवतात रिमोट खाली ठेवून धावलेला माणूस पुढचा तासभर दोन वस्तू शोधतो.