ताजं घाला, पण शिजवून घाला

गोव्यात कुत्री पाळणाऱ्यांमध्ये सध्या ‘रॉ डाएट’चं वारं आहे. पेलेट (पाकिटातलं कोरडं तयार खाणं) बंद, कच्चं चिकन सुरू. पेलेट बंद करायला माझी अजिबात हरकत नाही. ताज्या अन्नावर कुत्रं किती खुलतं हे मी घरात बघते. माझा विरोध आहे तो ‘कच्चंच हवं’ या हट्टाला.

ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी 1993 च्या सुमारास हा विचार लोकांपुढे आणला. आज ढोबळ हिशेब सांगतात तो असा: 80 टक्के मांस, 10 टक्के कच्ची हाडं, 10 टक्के कलेजीसारखे अवयव. यामागचं म्हणणं एकच, कुत्रा म्हणजे लांडगा. पण 2013 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या दारात हजारो वर्षं काढलेला प्राणी आहे तो. उकड्या तांदळाची पेज आणि बांगड्याची डोकी यांवर आमच्या आज्यांनी पोसलेली कुत्री आठवा.

केस चमकतात, शी कमी होते, हे फायदे मी नाकारत नाही. पण माझ्या मते ते मांसाचे आहेत, कच्चेपणाचे नाहीत. तेच मांस उकळून घातलं तरी मिळतात.

आता आपल्याकडची हवा बघा. दुकानात कापलेली कोंबडी घरी येईपर्यंत किती वेळ उकाड्यात राहते? कच्च्या कोंबडीतला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू फ्रीजरमध्ये मरत नाही, नुसता थांबून राहतो. पावसाळ्यात वीज गेली, मांस सुटलं, की पुन्हा वाढायला मोकळा. कुत्रं स्वतः धडधाकट दिसतं, पण त्याच्या शीतून आणि चाटण्यातून तो घरभर फिरतो. घरात रांगतं मूल असेल, म्हातारी आई असेल, तर हा धोका कशासाठी घ्यायचा? अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने 2012 मध्येच कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली. आणि गोचिडतापातून उठलेल्या कुत्र्याला तर कच्चं मुळीच नको. आपल्याकडे गोचिडताप किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

मासळीचंही तेच. काही कच्च्या माशांत बी-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते शिजवल्यावर जातं. मात्र उन्हात राहिलेल्या बांगड्यात तयार होणारं हिस्टामाइन शिजवूनही जात नाही. म्हणून बांगडा ताजाच घ्या.

एक अडचण खास आपल्या घरांतली. सोमवार, श्रावण, चवथ. स्वयंपाकघरात मांस चालत नाही, आणि दर सोमवारी कुत्र्याचं खाणं बदललं तर त्याचं पोट बिघडतं. आम्ही परसात वेगळी शेगडी आणि वेगळं टोप ठेवलंय. आईचीही हरकत नाही.

वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 400 ते 600 ग्रॅम अन्न लागतं. निम्म्याहून जास्त मांस, त्यात थोडा पेटा (कोंबडीचं जठर), कलेजी अगदी बेताची (जास्त झाली तर ‘अ’ जीवनसत्त्व साचतं), बाकी उकडा भात आणि दुधी किंवा भोपळा. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर चुकूनही नाही, ते कुत्र्याला विषारी. नवं अन्न आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कॅल्शियमकडे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहा पटींहून जास्त असतो. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, ते चिरफाळतं आणि आतडं फाडू शकतं. मग कॅल्शियम येणार कुठून? अंड्याची कवचं उकळून, वाळवून, मिक्सरला बारीक करा. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. आपल्या कुत्र्याला रोज किती लागेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

पिल्लांवर मात्र घरचा प्रयोग करू नका. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात आणि जास्त झालं तरीही. वाढ पुरी होईपर्यंत त्यांना पिल्लांचं चांगलं पेलेटच द्या, नाहीतर पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहून घेतलेला आहार.