अठरा नंबरच्या पुढचे पाचजण

"मार्चपासून बघतोय, जो तो नुसता लाइन लाइन करतोय. लाइनवाले टचडाउन मारतात का?"

बंड्याने एवढं म्हटलं आणि डिवॉन अॅव्हेन्यूवरचा आमचा शुक्रवार पेटला. वेस्टर्नच्या अलीकडे मिठाईच्या दुकानाबाहेर दोन बाकं आहेत, तिथे आम्ही जमतो. जुलै २०२५ ची गोष्ट. शिकागो बेअर्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव कॅम्प उघडायला आठवडा उरला होता, त्यामुळे बेअर्सशिवाय दुसरा विषय निघत नव्हता. लाइन म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल.

"तीन धिप्पाड माणसं आणली," बंड्या पुढे सुरूच. "थूनी, डॉलमन, जॅक्सन. जर्सी कोण घेणार त्यांची? त्या पळणाऱ्या जेंटीसाठी वर सरकायला पाहिजे होतं ड्राफ्टमध्ये, नवी पोरं निवडतात तेव्हा. पहिल्याच खेळात ऐंशी यार्ड! पब्लिक उभं राहिलं असतं!"

"तुझी फँटसी टीम उभी राहिली असती," सुहास म्हणाला.

वैशालीताईंनी चहाचा पेला बाजूला ठेवला. ताई शिवाजी विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेल्या, उजव्या कोपऱ्याला. आमच्यात सामना बघताना पहिले दोन सेकंद चेंडूकडे न बघणाऱ्या त्या एकट्याच. त्यांची नजर पाच जणांच्या पायांवर असते.

"बंड्या, तुझ्या पाठीवर जो अठरा नंबर आहे ना, आपल्या क्वार्टरबॅकचा, कॅलेबचा, तो पोरगा मागच्या वर्षी किती वेळा आडवा झाला?"

"अडुसष्ट."

"सामने सतरा. भागाकार कर."

"चार."

"दर सामन्याला चार. एका मोसमात एकाच क्वार्टरबॅकला याहून जास्त वेळा पाडल्याची उदाहरणं लीगच्या आख्ख्या इतिहासात दोन. १९८६ चा कनिंगहॅम, ७२. २००२ चा डेव्हिड कार, ७६. कारचं पुढे काय झालं? पहिल्या नंबरला घेतलेला पोरगा. उभ्या जन्मात सावरला नाही तो. आणि तुला ऐंशी यार्ड पळणारा पाहिजे."

बंड्याने जर्सी खाली ओढून सारखी केली. यावर त्याच्याकडे उत्तर नसतं, म्हणून तो दर वेळी चेंडू झेलणाऱ्या लूथर बर्डनकडे वळतो. बर्डन कसा सुटेल, लव्हलँड कसा उडी मारेल, हात वर करकरून दाखवत होता. बाकावरच्या एका आजोबांचा चहा सांडता सांडता राहिला.

मग सुहास बोलला. सुहास मिलवॉकीहून इकडे राहायला आला, पण पॅकर्स, म्हणजे बेअर्सचा जुना वैरी संघ, घेऊनच आला. त्यामुळे तो काहीही बोलला की आधी आमचे कान टवकारतात.

"ताई, आकडा बरोबर. पण त्यातले बरेच त्याने स्वतःच ओढवून घेतलेत. चेंडू सोडायचाच नाही, मागे मागे जायचं, कोणीतरी सुटेल म्हणून वाट बघायची. कॉलेजात चाललं. इथे मागून येणाराही लाखोंनी कमावतो. उद्या पाच देव आणून उभे केलेत तरी चार सेकंदांनी देवही हरतात."

हा मुद्दा खोटा नाही. पॅट्रियट्सनी नऊ वेळा पाडलं त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र बघत होतो. त्यातल्या दोन-तीन वेळा "सोड, सोड" म्हणून मीही ओरडलो होतो. दोन दिवसांनी आक्रमणाचा कोच वॉल्ड्रनची गच्छंती झाली, महिनाअखेर मुख्य कोच एबरफ्लूसची. पण सुहास इथे थांबतो, आणि मला वाटतं खरा प्रश्न इथेच सुरू होतो. पोरगा चेंडू का सोडत नव्हता?

ताईंनी ते दाखवलंच. "उठा," म्हणाल्या. मला आणि बंड्याला खांद्याला खांदा लावून फुटपाथवर उभं केलं. मी गार्ड, बंड्या टॅकल. समोर सुहास आणि देशपांडेकाका. "सुहास, तू बंड्याच्या बाहेरून ये. आता टॅकलने काय करायचं? त्याला ढकलत ढकलत मागे, लांब न्यायचं. तो वळसा घालून येतोय, वेळ लागतो. क्वार्टरबॅकने एक पाऊल पुढे टाकलं की सुहास त्याच्या पाठीमागून निघून जाईल. झालं. कडेने येणाऱ्याला हे उत्तर आहे. आता काका, तुम्ही सरळ मधून या."

काका आले. मी मागे सरकलो.

"आता पुढे पाऊल टाकायला जागा कुठाय? मधली भिंत फुटली की क्वार्टरबॅकला पुढे जाता येत नाही. तो मागे आणि बाजूला पळतो, आणि तिथे कडेचा टपलेलाच असतो. तुम्ही म्हणता चेंडू धरून ठेवतो. अरे, जीव वाचवत पळणारा माणूस कोण सुटलाय ते बघणार कधी? आता दोघं जागा बदला. सुहास आत, काका बाहेर."

काका आणि सुहास आडवे एकमेकांना ओलांडून गेले. बंड्या सुहासच्या मागे धावला, मीही सुहासच्याच मागे. काका रमतगमत आमच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विजयी मुद्रेने चहा प्यायला.

"बघितलंत? दोघं एकाच माणसामागे. आमच्याकडे साखळीत हात सुटला की रेडर मधूनच निघून जायचा, तसंच हे. ताकदीचा प्रश्न नाही, शेजारचा काय करणार हे न बोलता कळायला पाहिजे. मागच्या वर्षी डावीकडच्याला उजवीकडचा माहीत नव्हता. आणि सेंटर म्हणजे नुसता चेंडू मागे देणारा नव्हे, समोर कोण कुठून येणार हे ओळखून बाकी चौघांना सांगणारा तो. म्हणून डॉलमनला ३ वर्षांचे ४ कोटी २० लाख डॉलर. मला त्यातला एकही जास्त वाटत नाही."

"आमच्या वेळी..." काकांनी सुरुवात केली, आणि बंड्याने कपाळाला हात लावला. पण काकांना आज मी कोणाला अडवू दिलं नाही. सगळे १९८५, म्हणजे बेअर्स अजिंक्य झाले तो मोसम, म्हटलं की डिफेन्सच सांगतात. काका त्या काळात थंडीत सोल्जर फील्डवर बसलेले आहेत, ते लाइन सांगतात. "१९८३ ते १९८६, चार वर्षं लागोपाठ रशिंगमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळण्यात, लीगमध्ये पहिले आपण. पेटन मोठाच. पण कोणामागून पळायचा? कोव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न. बोर्ट्झ तर डिफेन्समधला, आठव्या फेरीतला पोरगा, त्याला गार्ड केला. हिल्गनबर्गला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंसुद्धा नव्हतं. ते पाच वर्षानुवर्षं एकत्र राहिले. त्यानंतर या गावाने लाइनला सावत्र पोरासारखं वागवलं. २०१० ला जायंट्सनी आपल्या क्वार्टरबॅकला, कटलरला, पहिल्या हाफमध्येच नऊ वेळा पाडलं. २०२१ ला क्लीव्हलँडमध्ये फील्ड्सचा पहिला स्टार्ट, तिथेही नऊ. त्या दिवशी पासिंगचे निव्वळ यार्ड किती? एक! एक यार्ड! पोरं बदलतो आपण, आणि म्हणतो शिकागोला क्वार्टरबॅक लाभत नाही."

हे ऐकताना मला खरोखर राग येतो. चार हजार यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक या संघाला आजवर मिळालेला नाही, आणि दर वेळी दोष त्या पोराच्या पदरात टाकून आपण मोकळे. कॅलेब २०२४ मध्ये सतराच्या सतरा सामने खेळला. इतका मार खाऊन साडेतीन हजारांवर यार्ड आणि सहाच इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनी पळवलेले फेक. त्याचा निवाडा करायचाच असेल, तर आधी त्याला उभं राहू द्या.

"मग जनरल मॅनेजर पोल्सने तीन वर्षं काय केलं?" सुहासने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "स्वतः बॉस्टन कॉलेजचा लाइनमन. त्याला कळायला पाहिजे होतं ना? आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये जेलन कार्टर समोर होता. एक घर मागे सरकून ईगल्सला देऊन टाकला. त्याच्या बोटात आता विजेतेपदाची अंगठी आहे."

"कार्टरचं नाव काढू नकोस," काका म्हणाले.

"डार्नेल राइट मिळाला त्या बदल्यात," ताई म्हणाल्या. "सगळ्या लाइनमध्ये एक धड माणूस होता, तो तोच. पण बाकीच्याबद्दल सुहास बरोबर बोलतोय. उशीर केला. नेट डेव्हिसला ३ वर्षांचा करार दिला आणि दुसऱ्या वर्षी अर्ध्यात घालवला. पोल्सला उत्तर आधीपासून माहीत होतं, म्हणून जास्त राग येतो. २०२१ ला तो कुठे होता?"

कॅन्सस सिटीत. हे बंड्यालाही माहीत होतं. टॅम्पातली ती सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, ३१-९ ने हरलेली. फिशर आणि श्वॉर्ट्झ दोन्ही टॅकल जायबंदी, आणि त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स जमिनीला समांतर होऊन चेंडू फेकतोय. मार्चमध्ये त्यांनी दोन्ही टॅकलना एकाच दिवशी निरोप दिला. थूनीला ५ वर्षांचे ८ कोटी डॉलर देऊन आणला, ऑरलँडो ब्राउनसाठी बॉल्टिमोरला पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधली निवड) दिला, दुसऱ्या फेरीत क्रीड हम्फ्री, सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात पाचच्या पाच नवे! आणि दोन वर्षांनी, मोसमात ७० सॅक केलेल्या, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट ७० वेळा पाडलेल्या ईगल्ससमोर, सुपर बोलमध्ये माहोम्सला एकदाही कोणी पाडलं नाही. मला तरी या खेळातली ऑफसीझनची याहून चांगली कामगिरी माहीत नाही.

"हां, आणि तोच थूनी या फेब्रुवारीत मैदानावर होता," बंड्याला अचानक सापडलं. "माहोम्स सहा वेळा पडला! तोच थूनी! येत्या नोव्हेंबरात तेहेतीसचा होईल! म्हातारा घेतला आपण, म्हातारा!"

"कुठे उभा होता थूनी?" ताईंनी विचारलं.

"लाइनमध्ये."

"लाइनमध्ये कुठे?"

बंड्या गप्प.

"लेफ्ट टॅकलला. कारण त्यांच्याकडे टॅकल उरला नव्हता. वर्षानुवर्षं गार्ड खेळलेल्या माणसाला कडेला उभं केलं आणि वर त्याची गार्डची जागाही कच्ची झाली. एका माणसाने दोन भोकं बुजवायला गेले, दोन्ही उघडी पडली. आपण त्याला त्याच्या जागेवर खेळवणार आहोत. आणि दिलं काय? २०२६ चा चौथ्या फेरीचा एक पिक. चार सुपर बोल जिंकलेला माणूस चौथ्या फेरीच्या पिकवर येत असेल, तर मी त्याला विमानतळावर आणायला जाईन."

"त्याच्या शेजारी कोण, ते सांगा," सुहास सोडायला तयार नाही. "लेफ्ट टॅकल! ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा दुखावलेला. ट्रापिलो नवखा, कॉलेजचं शेवटचं वर्ष उजवीकडे खेळलाय."

"आपला किरण आहे की!" काका उसळले. हिन्सडेलचा किरण अमेगाजी संघात आल्यापासून काका त्याला नातवासारखा सांभाळतात.

"काका, व्हायकिंग्जच्या सामन्यात आपला किरण सूर्यास्तालाच मावळला," सुहास म्हणाला.

काकांनी पाच मिनिटं त्याच्याशी बोलणं बंद केलं. मलाही ते आवडलं नाही. नवख्या पोराला सोमवारच्या रात्री, परक्या मैदानावर उभं केलं, यात त्याचा काय दोष? पण डाव्या टोकाची धाकधूक खरी होती. जॅक्सनचीही होती. रॅम्सनी ५ कोटी १० लाखांचा करार देऊन चार सामन्यांत त्याला नकोसा केला. ताईंचं म्हणणं, डेट्रॉइटमध्ये बेन जॉन्सनच्या (आपला यंदाचा नवा कोच) हाताखाली तो चांगला खेळला होता, आणि जॉन्सनला त्याच्याकडून काय काढायचं ते माहीत आहे. तिकडे सेंटर रॅग्नो जूनमध्ये निवृत्त झाला, गार्ड झाइटलर टेनेसीला गेला, म्हणजे डेट्रॉइट लायन्सची मधली फळी विस्कटली त्याच उन्हाळ्यात आपली बसतेय. हे ऐकून काकांचा राग उतरला.

"बसतेय कशावरून?" सुहास. "पॅड घातलेत का कोणी अजून?"

हे मात्र त्याने खरं सांगितलं. रिसीव्हरला जूनमध्ये पळताना बघून काही कळतं, लाइनमनचं काहीच कळत नाही. वसंतातल्या सरावात पॅड नसतात, अंगावर जायला बंदी असते. ही पाच माणसं एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखणार होती जुलैच्या शेवटी, आणि ८ सप्टेंबरला व्हायकिंग्ज समोर. माझा जीव त्या पाच-सहा आठवड्यांत अडकला होता.

"आपण सगळे जाऊ त्या सामन्याला," बंड्या म्हणाला. "गाडी माझी."

यावर जी शांतता पसरली, ती फक्त आमच्यातल्यांनाच कळेल. २६ डिसेंबर, सीहॉक्स, सहा-तीन. हाफटाइमला बंड्या "गाडी गरम करून ठेवतो" म्हणून उठला तो थेट घरी पोचला. आम्ही शेवटपर्यंत बसलो, सात सॅक मोजले आणि ट्रेनने परतलो. काकांना आठवडाभर खोकला.

"मी फोन केला होता!" बंड्या.

"घरी पोचल्यावर," ताई म्हणाल्या. "लाइनबद्दल तू बोलूच नकोस. शेजारच्याला सोडून जाणारा पहिला तू."

"बरं, चूक झाली! पण लाइन कळते मला."

"मग यंदाचे पाच सांग. डावीकडून. सांगितलेस तर आजचा चहा माझा."

"थूनी," बंड्या बोटं मोजू लागला. "डॉलमन. राइट. जॅक्सन. आणि... लव्हलँड?"

"तो टाइट एंड आहे रे!"

"धिप्पाड आहे की पण!"

काकांनी ही संधी साधली. डोळे मिटून कोव्हर्टपासून व्हॅन हॉर्नपर्यंत एका दमात पुन्हा म्हणून दाखवलं. चाळीस वर्षं झाली तरी एकही नाव अडखळलं नाही.

"ते सोडा," बंड्या चिडून म्हणाला. "मागच्या वर्षीचे पाच सांगा!"

"जोन्स," काका म्हणाले. "जेन्किन्स. शेल्टन. मग तो... डेव्हिस... नाही, प्रायर... का बेट्स..."

"कुठल्या रविवारचे विचारतोयस, ते आधी सांग," ताई.

"कॅलेबलाच विचारा," सुहास म्हणाला. "हडलच्या घोळक्यात दर आठवड्याला 'आपण कोण?' म्हणून सुरुवात करायचा बिचारा."

सगळ्यात मोठ्याने बंड्याच हसला, आणि हसता हसता त्याचा उरलेला चहा अठरा नंबरवर सांडला. चहाचे पैसे शेवटी कोणी दिले ते ठरलं नाही. काका म्हणतात त्यांनी, सुहास म्हणतो त्याने.