पेशींवरचा ताण शून्य केल्याने कुणी तरुण राहत नाही

‘म्हातारपण म्हणजे शरीराला आतून चढणारा गंज. फ्री रॅडिकल्स पेशी जाळतात. रोज अँटिऑक्सिडंटची गोळी घ्या, पेशींवरचा ताण शून्यावर आणा, झॉम्बी पेशी झाडून काढा. स्नायू, त्वचा, सांधे तरुण राहतील.’ हा मजकूर इतक्या जणांनी इतक्या विश्वासाने पुढे पाठवलाय की त्याचं एकेक वाक्य धरून बोलायलाच हवं.

फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशीत तयार होणारे, आजूबाजूच्या रेणूंवर झडप घालणारे अस्थिर रेणू; त्यांना निष्प्रभ करतो तो अँटिऑक्सिडंट. गंजाची कल्पना हवेतली नव्हे. अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी ती 1956 मध्ये मांडली आणि अनेक वर्षं ती पटण्याजोगी वाटत होती. पण नेकेड मोल रॅट हा उंदराएवढा प्राणी पाहा. त्याच्या पेशींत ऑक्सिडीकरणाची हानी तरुणपणीच साध्या उंदरापेक्षा जास्त दिसते, तरी तो 30 वर्षांहून अधिक जगतो. साधा उंदीर तीन-चार वर्षांत संपतो.

गोळीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण इथे माणसांचं नुकसान झालेलं आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले: बीटा कॅरोटीन हा अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. पुढे 35,000 हून अधिक पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व (हेही अँटिऑक्सिडंटच) घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढलेला दिसला. 2009 मधला एक छोटा प्रयोग तर गोळी शरीराच्या कामात कुठे आडवी येते तेच दाखवतो. तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. काहींना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळी न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांत सुधारलं नाही. राबणाऱ्या स्नायूत तयार होणारी फ्री रॅडिकल्स हाच पेशीला मिळणारा निरोप असतो. तो ऐकून ती स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवते. गोळीने निरोपच दाबला. (कमतरता आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेलं जीवनसत्त्व ही वेगळी गोष्ट, ते बंद करू नका.)

आता ‘ताण शून्य’. 1960 च्या सुमारास इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. इन्क्युबेटरचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं होतं आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणाऱ्या जागी फुगवटे आले होते. ते जागे झालेले जनुक होते. उष्णतेने घडी विस्कटलेली प्रथिनं सावरण्यासाठी पेशी मदतनीस प्रथिनं बनवते, त्याची ती सुरुवात. वय वाढतं तसा हा प्रतिसाद अनेक ऊतींमध्ये मंदावतो आणि विस्कटलेली प्रथिनं साचत जातात. म्हणजे इथे अडचण ताणाचा संदेश कमी पडण्याची आहे.

दाव्यात थोडं खरंही आहे, ते मान्य करायला हवं. न थांबणारा संदेश ऊतीची वाट लावतो. फळमाशीच्या आतड्यात अस्तराला इजा झाली की ताणाचा संदेश मूळपेशींना (ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात) विभागायला लावतो आणि अस्तर भरून निघतं. म्हाताऱ्या माशीत तोच संदेश चालूच राहतो. मूळपेशी बेसुमार विभागतात, नव्या पेशी धड घडत नाहीत, अस्तराची रचना बिघडते. संशोधकांनी तो संदेश या पेशींत बेताने कमी केला तेव्हा माश्या जास्त जगल्या. बेताने, हा शब्द महत्त्वाचा.

राहिल्या झॉम्बी पेशी, म्हणजे विभागणं कायमचं थांबवूनही न मरणाऱ्या आणि आजूबाजूला दाहकारक रसायनं सोडत राहणाऱ्या. 2011 मध्ये लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांमधून त्या काढल्यावर स्नायू आणि डोळ्यांच्या तक्रारी लांबल्या, हे खरंच आशादायक. पण 2014 मध्ये उंदरांच्या त्वचेवरच्या जखमेतून याच पेशी काढल्या, तर जखम भरायला उशीर झाला. जखम झाल्यावर काही दिवसांतच त्या तिथे तयार होतात, जखम आवळून धरणाऱ्या पेशी घडवणारा संदेश सोडतात आणि काम झालं की नाहीशा होतात. त्यामुळे ‘झॉम्बी पेशी काढून टाकणारं’ काही कुणी विकायला आणलं, तर विचारा: कुठल्या ऊतीतल्या, आणि कधी?