‘भाषणाने कुणी मरत नाही’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

कुठे दंगल झाली किंवा कुणा नेत्यावर हल्ला झाला की चार दिवसांत हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो: “भाषणाने कुणी मरत नाही. हात उचलणाऱ्याला स्वतःचं डोकं असतं. तेच भाषण लाखो लोक ऐकतात, हल्ला एखादाच करतो. भाषणामुळे हिंसा झाली हे आजवर एकाही कोर्टात सिद्ध झालेलं नाही. आणि हाच न्याय लावायचा तर टिळकांनाही खुनी म्हणा!”

हा मजकूर कुठल्या एका पक्षाचा नाही. भाषण आपल्या माणसाचं असलं की तो पाठवला जातो आणि समोरच्याचं असलं की तेच लोक “याचे हात रक्ताने माखलेत” असं लिहितात. दोन्हींत चूक एकच आहे. तीन वेगळे प्रश्न एकात कालवलेले असतात. कृत्य कुणी केलं? ते करायला कुणी चिथावलं? आणि ते घडू शकेल असं वातावरण कुणी तयार केलं? पहिले दोन प्रश्न कोर्टाचे आहेत, तिसरा राजकारणाचा आणि इतिहासाचा.

ही फोड कशी करायची याचा नमुना सरदार पटेलांच्या पत्रात सापडतो. गांधीहत्येनंतर १८ जुलै १९४८ रोजी त्यांनी श्यामाप्रसाद मुखर्जींना लिहिलं की खटला न्यायप्रविष्ट असल्याने रा. स्व. संघ आणि हिंदू महासभा यांच्या सहभागाबद्दल आपण काही बोलणार नाही. पण या दोन संस्थांच्या, विशेषतः पहिलीच्या, कारवायांमुळे देशात असं वातावरण निर्माण झालं की ही भीषण घटना शक्य झाली, असं आपल्याकडचे अहवाल सांगतात. एकाच वाक्यात दोन प्रश्न, आणि दोन्ही वेगळे ठेवलेले. हे भान सुटलं की काय होतं तेही त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिलं. मारेकरी ब्राह्मण होता एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घरांतल्या माणसांनी ना गोळी झाडली होती, ना भाषण केलं होतं.

आता मजकुराची वाक्यं एकेक घेऊ.

“हात उचलणाऱ्याला स्वतःचं डोकं असतं”

असतंच. म्हणूनच त्याची शिक्षा चिथावणी देणाऱ्यामुळे आपोआप कमी होत नाही. दोष म्हणजे काही भाकरी नव्हे, की एकाला तुकडा दिला म्हणून दुसऱ्याच्या ताटातली कमी व्हावी.

कायद्यात ही गोष्ट १८६० पासून आहे. भारतीय दंड संहितेचं कलम १०७, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ४५, अपप्रेरणेची (म्हणजे गुन्ह्याला प्रवृत्त किंवा मदत करण्याची) व्याख्या करतं आणि तिचा पहिलाच प्रकार चिथावणी हा आहे. पुढच्या कलमाचं स्पष्टीकरण तर या फॉरवर्डची हवाच काढून घेतं. अपप्रेरणेचा गुन्हा पूर्ण व्हायला मूळ कृत्य घडलेलं असण्याची गरज नाही. जुन्या कलम ११७ खाली (आता ५७) दिलेलं उदाहरण आजच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात ओळखीचं वाटेल. एका पंथाच्या दहापेक्षा जास्त लोकांनी अमुक वेळी अमुक ठिकाणी जमून विरोधी पंथाच्या मिरवणुकीवर हल्ला करावा, असं चिथावणारं पत्रक एकाने सार्वजनिक जागी लावलं. उदाहरण तिथेच संपतं. हल्ला झाला की नाही याचा त्यात उल्लेखही नाही, कारण पत्रक लावताच गुन्हा झाला. या कलमाखालची कमाल शिक्षा पूर्वी तीन वर्षं होती, नव्या संहितेत ती सात वर्षं आहे.

दंगल घडावी म्हणून चिथावणी देण्याचं कलम (पूर्वी १५३, आता १९२) दोन पायऱ्यांचं आहे: दंगल झाली तर एक वर्षापर्यंत, नाही झाली तर सहा महिन्यांपर्यंत.

“लाखो ऐकतात, हल्ला एखादाच करतो”

फॉरवर्डमधलं हे सगळ्यात हुशार वाक्य. त्यात गृहीत असं धरलंय की भाषणाचा परिणाम मोजायचा तर प्रत्येक श्रोत्यावर मोजायचा. पण एखाद्या दंगलीला लाखभर माणसं लागत नाहीत. विचारायचं असतं ते हे: भाषणामुळे हल्लेखोरांची संख्या, जागा किंवा वेळ बदलली का?

हे मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न रवांडाबद्दल झाला आहे. ‘आरटीएलएम’ हे खासगी रेडिओ केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं आणि एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींचा वंशसंहार सुरू झाल्यावर त्यावरून माणसांची नावं, गाड्यांचे नंबर, लपण्याच्या जागा सांगितल्या जाऊ लागल्या. देश डोंगराळ. शेजारशेजारच्या गावांत एकीकडे रेडिओ लागे, दुसरीकडे डोंगर आड येई. हा फरक पकडून डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये अंदाज मांडला की सुमारे ५१,००० जणांचा, म्हणजे एकूण सहभागाच्या साधारण दहा टक्क्यांचा, सहभाग या प्रक्षेपणामुळे होता. उलट बाजूने स्कॉट स्ट्रॉस यांनी तुरुंगातल्या दोनशेहून अधिक गुन्हेगारांच्या मुलाखतींच्या आधारे म्हटलं की बहुतेकांना घराबाहेर काढलं ते रेडिओने नव्हे, दारात आलेल्या ओळखीच्या माणसांनी. या दोन निष्कर्षांत मोठं अंतर आहे. पण अंदाज दहा टक्क्यांचा धरला तरी उरलेल्या नव्वद टक्क्यांची कारणं वेगळी होती, म्हणून ते दहा टक्के नाहीसे होत नाहीत.

लाखातला एखादाच का, याचं उत्तर परिस्थितीत असतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यात सहा कसोट्या आहेत: संदर्भ, बोलणाऱ्याचं स्थान, हेतू, मजकूर आणि त्याचं रूप, पोच, आणि नजीकच्या काळात हानी होण्याची शक्यता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात हेच दारूच्या कोठारातल्या ठिणगीच्या उपमेने सांगितलं. ‘त्यांना धडा शिकवा’ हे वाक्य सभागृहात अर्थसंकल्पावर बोलताना आलं तर वाक्प्रचार ठरतं. तेच वाक्य अडवलेल्या मिरवणुकीपुढे, ध्वनिक्षेपकावरून, समोरच्या वस्तीकडे बोट दाखवून आलं तर सूचना ठरते.

कसोटी दुसऱ्या बाजूलाही कापते, हे विसरू नये. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींच्या हत्येचा दिवस. चंडीगडच्या नीलम सिनेमाबाहेर दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. याहून स्फोटक दिवस कोणता असणार? पण घोषणा एकदोनदाच दिल्या गेल्या आणि लोकांनी दाद दिली नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलवंत सिंग खटल्यात त्यांची शिक्षा रद्द केली.

“आजवर एकाही कोर्टात सिद्ध झालेलं नाही”

हे सरळ खोटं आहे. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात १९४६ मध्ये युलियस श्ट्राइखरला फाशी झाली. त्याने स्वतः कुणाचा खून केल्याचा आरोप नव्हता, १९४० पासून त्याच्याकडे सत्तेचं पदही राहिलं नव्हतं. गुन्हा होता तो युद्ध चालू असताना साप्ताहिकातून ज्यूंच्या संहाराचं आवाहन करत राहण्याचा. त्याच खटल्यात नाझी रेडिओवरचा भाष्यकार हान्स फ्रित्शे मात्र निर्दोष सुटला, कारण प्रचार विखारी असला तरी अत्याचारांना चिथावण्याचा हेतू न्यायालयाला दिसला नाही.

रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये आरटीएलएमशी संबंधित दोघांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला दोषी ठरवलं. २००७ च्या अपिलात ६ एप्रिल १९९४ पूर्वीचं प्रक्षेपण थेट चिथावणीच्या आरोपातून वगळलं गेलं, त्यानंतरचं ठेवलं गेलं. शिक्षा कमी झाल्या, तरी तिघांच्याही तीस वर्षांहून खाली आल्या नाहीत.

भारतात असे खटले टिकत नाहीत, एवढं म्हटलं असतं तर बरंच बरोबर ठरलं असतं. पण ते का टिकत नाहीत हे पाहिलं की बहुतेकदा भाषणाच्या निर्दोषपणाशी त्याचा संबंध नसतो. मुंबईचंच घ्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसं मेली. जानेवारीच्या हिंसाचाराबद्दल आयोगाने शिवसेना आणि तिच्या मुखपत्रातलं लेखन यांवर ठपका ठेवला. त्या लेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली ती २५ जुलै २००० रोजी, आणि दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतबाह्य म्हणून निकाली काढलं. लेख गुन्हा होते की नव्हते, हा प्रश्न त्या कोर्टात पोचलाच नाही. डिसेंबर १९९२ च्या प्रकरणात शिवसेनेचे मधुकर सरपोतदार यांना कलम १५३-अ (गटागटांत वैर पसरवणं) खाली एक वर्षाची शिक्षा झाली, पण ती २००८ मध्ये.

अडतं कुठे, ते क्रमाने असं. १५३-अ (आता १९६) दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर, तपास, अटक यांना कुणाची परवानगी लागत नाही. पण कोर्टाने दखल घेण्याआधी केंद्र किंवा राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते. प्रार्थनास्थळातला गुन्हा सोडला तर कमाल शिक्षा तीन वर्षं, त्यामुळे कोर्टाने दखल घेण्याची मुदतही तीन वर्षं. मंजुरीची वाट पाहण्याचा काळ वजा होतो, पण तो मंजुरी मागितल्यापासून. पोलिसांनी पत्रच तीन वर्षांनी पाठवलं तर वजा करायला काही उरत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४ च्या स्पष्टीकरणाने मुदत एफआयआरच्या तारखेपर्यंतच मोजली जाते, त्यामुळे ही पळवाट बरीच अरुंद झाली आहे. मंजुरी मात्र अजूनही सरकारच्या हातात आहे, आणि बोलणारा बहुधा सरकारातला किंवा सरकारला हवा असलेला असतो.

दुसरी गळती पुराव्याची. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्याचे दोन भाग असतात: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, एक तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, जराशा बदलानेही बदलणारा सांकेतिक आकडा) लिहावं लागतं. ग्रुपवर फिरून दाबली गेलेली चाळीस सेकंदांची क्लिप मूळ फाइलच्या हॅशशी कधीच जुळत नाही. म्हणून भाषण पुरावा म्हणून जपायचं असेल तर मूळ फोन किंवा मेमरी कार्ड तसंच ठेवायचं आणि चित्रीकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या टाळीपर्यंत अखंड असू द्यायचं. समोर कोण होते आणि सभेनंतर जमाव कुठल्या रस्त्याने गेला, हेही त्यात यायला हवं. “माझं वाक्य तोडून दाखवलं” हा बचाव चालतो, कारण बऱ्याचदा ते खरंच तोडलेलं असतं.

“मग टिळकांनाही खुनी म्हणा”

हे वाक्य कोंडीत पकडण्यासाठी टाकलेलं आहे, पण ते उलटंच पडतं.

शिवाजी उत्सवातलं अफझलखानवधाच्या समर्थनाचं भाषण ‘केसरी’त छापून आलं १५ जून १८९७ रोजी. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली २२ जूनला. मधे एक आठवडा. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी तेवढ्यावर दोन्हींची सांगड घातली. पण टिळकांवर खुनाचा किंवा त्याच्या अपप्रेरणेचा आरोप ठेवला गेला नाही, कारण दाखवायला दुवाच नव्हता. घरझडत्यांचा संताप पुण्यात घरोघरी होता, तो अग्रलेखाने पेटवावा लागला नव्हता. आरोप होता राजद्रोहाचा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ समजावला. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. वर बलवंत सिंग खटल्यात आलेली कसोटी लावली तर हा खटला उभाच राहत नाही.

म्हणजे ‘आधी भाषण, मग हल्ला, म्हणून भाषण दोषी’ हा हिशेब चुकीचा असल्याचं टिळकांच्या खटल्यातून दिसतं. ‘भाषण कधीच दोषी नसतं’ असं मात्र त्यातून निघत नाही. आणि आज ज्या १५३-अ ची सगळे एकमेकांना धमकी देतात, ते कलम त्या निकालानंतरच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचं कलम आणखी रुंद करणाऱ्या दुरुस्तीतून आलेलं आहे.