गाडी निघाली आहे

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर भाऊ तापलेला होता. मोठे प्रकल्प एकतर पुण्याला जातात नाहीतर गुजरातला, मग नाशिकने काय फक्त द्राक्षं आणि कांदे पिकवायचे? आयटी पार्क कधी होणार? हा वाद आमच्या घरात बारमाही आहे. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मटेरियल प्लॅनर आहे, म्हणजे कोणता पार्ट कधी यायचा ते बघते, त्यामुळे 'तुझं काय मत?' हा प्रश्न शेवटी माझ्याकडेच येतो.

माझं मत त्याला आवडत नाही. मला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला फोन आठवतो.

बाबांचं तिथे छोटं वर्कशॉप. दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, आणि एक म्हातारी लेथ. चाकणच्या पार्टीचा फोन आला की बाबा शांतपणे सांगायचे, "साहेब, गाडी निघाली, सिन्नर सोडलं असेल." तेव्हा माल प्लेटिंगवाल्याकडे पडलेला असायचा आणि गाडी आमच्या दारात. साहेबांनाही ते कळत असणार, म्हणूनच ते गरजेपेक्षा आठवडाभर आधीची तारीख द्यायचे. दोन्हीकडून पॅडिंग. मधल्या गोदामात पैसा झोपलेला.

इथे आल्यावर आइंडहोवनच्याच फिलिप्सची एक गोष्ट ऐकली. 17 मार्च 2000 ला अमेरिकेत अल्बुकर्कीला वीज पडल्यामुळे त्यांच्या चिप कारखान्यात आग लागली. ती काही मिनिटांत विझली, पण धूर आणि पाणी क्लीनरूममध्ये, म्हणजे चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीत शिरलं. नोकिया आणि एरिक्सन, दोघांच्याही मोबाइलच्या चिप तिथे बनत होत्या. फिलिप्सने दोघांनाही कळवलं, आठवडाभर उशीर होईल. नोकियात ती खबर लगेच वर गेली. रोज पाठपुरावा, दुसरे पुरवठादार, जमेल तिथे डिझाइनमध्ये बदल. एरिक्सनमध्ये ती खालच्याच टेबलांवर रेंगाळली आणि त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारही नव्हता. सुमारे 40 कोटी डॉलरचं नुकसान झालं आणि पुढच्या वर्षी त्यांनी मोबाइलचा धंदा सोनीबरोबर एकत्र केला. आग दोघांसाठी एकच होती. नोकियाही पुढे स्मार्टफोनमध्ये गारद झाली, तो भाग वेगळा.

सप्लाय चेन म्हटलं की आपल्याला कंटेनर, समृद्धी महामार्ग, सॉफ्टवेअर दिसतं. ते हवंच. पण वाईट बातमी किती तासांत पोचते, त्यावर माझ्या टेबलावरचा अर्धा दिवस ठरतो. पहिल्याच वर्षी एका पार्टला उशीर होणार हे मला मंगळवारी कळलं, मी शुक्रवारपर्यंत 'ऑन द वे' लिहीत राहिले. अंबडचं रक्त! बॉस ओरडला नाही, फक्त विचारलं, "तुला कधी कळलं होतं?" मंगळवारी सांगितलं असतं तर असेंब्लीचा क्रम बदलता आला असता. आता लाइन उभी होती.

म्हणून डच लोक जात्याच खरे, असं मी म्हणणार नाही. तोंडावर बोलायचा त्यांचा फटकळपणा तर कधीकधी नकोसा होतो. खरं बोलणं इथे परवडतं, एवढंच. जुलै 2022 पासून इथे मोठ्या कंपनीला छोट्या पुरवठादाराचं बिल 30 दिवसांत द्यावं लागतं. आपल्याकडेही छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त 45 दिवस आहेत, शिवाय वेळेत न दिलेल्या पैशांची आयकरात वजावट लगेच मिळत नाही. पण त्याच साहेबाकडून पुढची ऑर्डर हवी असताना त्याच्यावर तक्रार कोण करणार? उशीर कबूल केला की डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापले, आणि बिल तर आधीच अडकलेलं. मग सिन्नर सोडल्याशिवाय गत्यंतर नसतं.

भावाला एवढंच म्हटलं, आयटी पार्क होईल तेव्हा होईल. अंबड-सातपूरला चार टेक्नॉलॉजी कंपन्यांना पुरेल इतकं कसब आजच आहे. तो उत्तर देणार तेवढ्यात त्याचा दुसरा फोन वाजला.

"हो साहेब, निघाली, निघाली."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, या पार्टीकडून किती येणं आहे?

"मार्चपासूनची सगळी बिलं," तो म्हणाला.