सुई फिरलीय, अक्का

दहावीचा निकाल लागला की आमच्या युनिटवर दोन गोष्टी एकदमच येतात. गणवेशाच्या ऑर्डरींची घाई आणि पेढे. यंदा कारागिरांच्या घरच्या चार पोरांचे पेढे खाल्ले. पाचव्या पोरीचे आले नाहीत. तिला ५६.४० टक्के पडले आणि तिच्या आईच्या मते त्यात पेढे वाटण्यासारखं काही नव्हतं.

ही पोस्ट त्या पाचव्या पोरीमुळं लिहितेय. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही.

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं आमचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे, २२ मशीनं. तिची थोरली बहीण आमच्याकडं ओव्हरलॉकवर (कापडाच्या कडा बांधायचं मशीन) असते. ही शाळा सुटली की बहिणीला डबा द्यायला यायची आणि डबा ठेवून मशीनपाशी रेंगाळायची. गेल्या दिवाळीच्या आधी एका सिंगल नीडल मशीनवर टाका सुटायला लागला. मेकॅनिक आला, हुक खोललं, टायमिंग (सुई आणि हुकाचा मेळ) लावलं, पैसे घेऊन गेला. टाका सुटतच होता. ही मागं उभी राहून बघत होती. हळूच म्हणाली, "अक्का, सुई फिरलीय." सुईला एका अंगानं लांब खाच असते, ती कुठल्या बाजूला पाहिजे ते ठरलेलं असतं. आमची सुई जराशी तिरकी बसली होती. सरळ केली, टाका धरला. (मेकॅनिक लोक सुई शेवटी का बघतात, तर सुई सरळ करायचे पैसे कोण देतं!)

मग मी मुद्दाम तिला एक बंद पडलेलं जुनं मशीन दिलं, सुट्टीत खोलून बघ म्हटलं. सुई खालून वर निघाली की हुकाचं टोक नेढ्याच्या किंचित वर येऊन दोऱ्याचा फास पकडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चाक हातानं इंच इंच फिरवत तिनं स्वतः शोधलं. तिसऱ्या रविवारी मशीन चालू. मी २० वर्षं या धंद्यात आहे, मला अजून टायमिंग लावता येत नाही.

आता याच पोरीची गुणपत्रिका. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी काठावर, इतिहास त्याहून काठावर. तिला फिटर (यंत्राचे सुटे भाग घासून बसवणारा कारागीर) व्हायचंय, म्हणजे आयटीआय. लोकांना वाटतं आयटीआय म्हणजे हाताला काम येणाऱ्यांची जागा. तिथं तरी हात बघत असतील ना? नाही ओ. तिथंही यादी दहावीच्या टक्क्यांवर लागते. इलेक्ट्रिशियन, फिटर असे मागणी असलेले ट्रेड वरच्या टक्क्यांवाले घेऊन जातात. त्यातल्या कित्येकांना पान्याशी देणंघेणं नसतं, घरच्यांनी महावितरण नाहीतर रेल्वेचं स्वप्न बघितलेलं असतं. त्यांचं चुकतं असं नाही. पण ज्याला ज्या कामाची ओढ आहे, तो इतिहासात कमी पडला म्हणून उरलेल्या ट्रेडच्या रांगेत जातो. मुलगी असेल तर सगळ्यांचं उत्तर तयार: शिवणकाम घे की. माझ्या युनिटमध्ये शिवणकाम करणाऱ्या बायका १८ आहेत. मशीन दुरुस्त करणारी एकही नाही.

आमच्या जाऊबाईंची भाची सिंगापूरला असते. मार्चमध्ये लग्नाला आली तेव्हा तिच्या लेकीची गोष्ट सांगत होती. तिकडं शाळेची ओ लेव्हल परीक्षा असते, साधारण आपल्या दहावीसारखी. तिच्यानंतर पॉलिटेक्निक. २०१६ पासून त्यांनी एक वेगळं दार उघडलंय. परीक्षेच्या आधीच, वर्षाच्या मध्यावर, मुलांनी अर्ज करायचा. मला अमुक कोर्स का हवा ते थोडक्यात लिहायचं, केलेलं काम दाखवायचं, मुलाखत द्यायची. कॉलेजला पोरगं पटलं तर परीक्षेच्या आधीच जागा देतात, पण अटीवर. परीक्षा द्यायचीच, ठरलेले किमान गुण आणायचेच. आणि एकदा जागा घेतली की नंतरच्या नेहमीच्या प्रवेशफेरीत उडी मारायची नाही. तिथल्या पाचही पॉलिटेक्निकना १५ टक्क्यांपर्यंत जागा अशा भरता येतात, बाकीच्या गुणांवरच. त्यांच्या आयटीआयसारख्या संस्थेतही अशीच सोय आहे.

लग्नाच्या मांडवात हे ऐकताना मला आधी चीडच आली. कारण कल ओळखण्याचा उद्योग आपण केला नाही असं थोडंच आहे. २०१६ साली आपल्या बोर्डानं दहावीच्या पोरांची कल चाचणी घेतली होती. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, अगदी गणवेशधारी सेवासुद्धा, अशी क्षेत्रं होती. माझा मुलगा त्याच वर्षीचा. त्याच्या अहवालात ललित कला आलं होतं. मी तो कागद गुणपत्रिकेच्या मागं फाईलला लावला आणि त्याला अकरावी सायन्सला घातला. ८१ टक्के होते, मग काय. आज तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, पगार बरा आहे, रविवारी फोनवर पाच मिनिटं बोलतो. त्या कागदाचं काय केलं, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

दोष माझा आहेच. पण त्या कागदानं कुठलंही दार उघडत नव्हतं, हेही खरं. शिवाय पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देऊन कळतो तो कल. हाताला काय येतं ते त्यातनं कसं कळणार? मला क्रिकेटची आवड आहे म्हणून मी फलंदाज होत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या थोड्या जागा, सिंगापूरएवढ्याच समजा, दहावीच्या निकालाआधी भरा. दिवाळीनंतर इच्छुक पोरांना एक दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बोलवा. फिटर पाहिजे त्याच्या हातात कानस द्या, वायरमन पाहिजे त्याला बोर्ड द्या, शिवणकामवाल्याला कापड. येत नसेल तर निदेशकांनी एकदा करून दाखवावं आणि मग अर्धा तास बघावं, पोरगं किती पटकन उचलतं. दहावी पास व्हायची अट राहू द्या. निबंध नको, केलेल्या कामाची फाईल नको. फाईल म्हटली की पुढच्या महिन्यात नवी पेठेत फाईल करून देणाऱ्या क्लासची पाटी लागलीच म्हणून समजा.

वशिल्याचं काय, असं आमचे हे लगेच म्हणाले. खरंय, मुलाखत म्हटली की आपल्याकडं फोन सुरू होतात. त्यामुळंच मला मुलाखत नको, काम हवं. मूल्यमापनाला तिघं, त्यातला एक बाहेरचा वर्कशॉपवाला. केलेला जॉब, म्हणजे घडवलेली वस्तू, नंबर लावून टेबलावर मांडायचा, गुण त्याच संध्याकाळी फळ्यावर. वाकडं घासलेलं लोखंड आमदाराच्या फोननं सरळ होत नाही. तरी चोर वाटा निघतील, नाही म्हणत नाही. टक्क्यांच्या वाटेवर कॉपी चालते म्हणून बोर्डाची परीक्षा आपण बंद केली नाही.

दुसरी शंका जास्त टोचते आणि ती माझ्याच मनात आहे. शहराच्या पूर्व भागात तीन पिढ्या हेच झालंय. बाप मागावर, पोरगं कांड्या भरायला. आई विड्या वळायला, पोरगी शेजारी बसून पानं कापायला. ‘यांचा कल हाताच्या कामाकडंच असतो’ हे वाक्य आमच्या शिक्षकांनीही किती सहज म्हटलेलं मी ऐकलंय. कलाच्या नावाखाली गरिबाचं पोरगं पुन्हा तिथंच बसवलं तर? जर्मनीचं व्यवसाय शिक्षण सगळे नावाजतात, पण तिथल्या बहुतेक राज्यांत दहा वर्षांच्या पोरांची शाळा वेगवेगळ्या वाटांनी विभागतात. मला ते मुळीच पटत नाही. मी ‘लवकर’ म्हणते ते निकालाच्या आधी, वयाच्या आधी नव्हे. अर्ज पोरानं स्वतः करायचा, शाळेनं नाव पाठवायचं नाही. आणि पुढची वाट मोकळी पाहिजे. ती आहे बरं का, कुणी सांगत नाही एवढंच: आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक आकडा दिलाय. १९ ते २४ वयाच्या कामकरी लोकांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, दक्षिण कोरियात ९६. ज्या शहराच्या चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तिथल्या जॉबरना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यांना, जकार (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) कुणी शिकवला? कुठल्या कॉलेजनं नाही, शेजारच्या मागावरच्या माणसानं. तो माणूसही आता थकलाय आणि त्याचा मुलगा पुण्यात फूड डिलिव्हरी करतो.

असो. काल संध्याकाळी ती पोरगी पसंतीक्रमाचा फॉर्म घेऊन आली होती. पहिल्या तीन ओळींत फिटर, तीन वेगवेगळ्या संस्थांचं. गेल्या वर्षीची यादी आम्ही दोघींनी बघितली. ५६ ला कठीण आहे, खासगीत कदाचित बसेल. चौथी ओळ कोरी होती. तिथं शिवणकाम लिही म्हणून आई हटून बसलीय, ही लिहीत नाही, आणि दोन दिवस मायलेकी बोलत नाहीत. आईशी मी बोलले. म्हणाली, "अक्का, पोरीच्या जातीनं लोखंड घासायचं? उद्या हिला कोण कामावर घेतंय ते तर दावा मला."

मला दाखवता आलं नाही. तुमच्या ओळखीत फिटर ट्रेड करून आज कामावर असलेली मुलगी असेल, चिंचोळीच्या एमआयडीसीत असो, बार्शीची असो, कुठलीही, तर इनबॉक्समध्ये कळवा. पसंतीक्रम भरायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. आईला तिच्याशी फोनवर बोलायचंय.